लतिकाचा जादा पडदा

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. लॅपटॉपच्या शेजारी उभा करायचा, जादाचा, हलका, पिशवीत घालून कुठेही नेता येणारा. माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ पडली आहे, आणि आता मला भंगारात द्यायचं घरात चाललं आहे. देऊ देत. जायच्या आधी माणसांबद्दल माझं काय मत झालं ते तुम्हाला सांगतो. फारसं चांगलं नाही, हे आधीच कबूल करतो.

कारखान्यात जन्मलो, थर्माकोलमध्ये झोपलो, दिल्लीत मयूर विहारच्या एका फ्लॅटमध्ये जागा झालो. खोक्यात माझ्याबरोबर एक जाड, आखूड केबल होती. त्या एकाच केबलमधून मला वीजही मिळायची आणि चित्रही. तसं खोक्यावर स्पष्ट दाखवलं होतं. पण ते बघायला कुणाला सवड होती? सगळ्यांना बोलायची घाई.

घरात माणसं तीन. अण्णासाहेब केंद्र सरकारातून निवृत्त झालेले. त्यांची हयात सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली, जेव्हा साध्या टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. पुढे बाजार खुला झाला, गुडगावात काचेच्या इमारती उगवल्या, दुकानं मालानं भरून वाहिली, पण अण्णासाहेबांचं लोखंडी कपाट जुन्याच धोरणावर चाललं. नवी चादर आली की कपाटात. नवा कपबशांचा सेट कपाटात. चहा मात्र कान तुटलेल्या कपातून. मला खोक्यातून काढलं त्याच दिवशी त्यांनी माझी केबल उचलली, पिशवीत गुंडाळली आणि म्हणाले, "ओरिजिनल आहे. वापरून खराब करायची नाही." झालं! ती गेली चादरींच्या खाली.

त्यांचा मुलगा राजीव. हा गुडगावच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर विकायचा. विकायचा, बरं का, बनवायचा नाही. पण सोसायटीत ऐट अशी, की जगातले सगळे कॉम्प्युटर यानंच घडवले.

आणि तिसरी लतिका, राजीवची बायको, मूळची पुण्याची. लग्नाआधी ती वर्तमानपत्रात काम करायची. इथं आली आणि "काय गरज आहे नोकरीची?" या एका वाक्याखाली आठ वर्षं घरात बसली. मी आलो तो तिच्यासाठी. नोएडाच्या एका स्टुडिओला मराठी सबटायटल तपासणारं माणूस हवं होतं. एका पडद्यावर चित्रपट, दुसऱ्यावर ओळी, असं काम. तिची चाचणी ऑनलाइन होती, सकाळी अकराला. पास झाली तर पक्की नोकरी. ती आदल्या आठवड्यापासून नीट जेवत नव्हती, हे घरात फक्त मला दिसत होतं.

त्या सकाळी राजीवनं बाह्या सरसावल्या. फोन चार्ज करायची बारीक वायर घेतली आणि माझ्यात खुपसली. भोक सारखं म्हणजे वायर सारखी, एवढीच त्याची विद्या! त्या वायरीतून मला वीज मिळाली, पण चित्र कुठून येणार? मी प्रामाणिकपणे लिहून दाखवलं, सिग्नल नाही. त्यानं माझी बटणं दाबायला सुरुवात केली. न वाचता, एकामागून एक. पाचव्या मिनिटाला माझी भाषा चिनी झाली. मग मी काय म्हणतो ते कुणालाच कळेना.

"पीसच खराब आहे यार," राजीव म्हणाला. "चायना माल."

नाचता येईना अंगण वाकडं. अंगण म्हणजे अर्थात मी.

लतिका म्हणाली, "खोक्यात एक जाड केबल होती. ती लावून बघू या का?"

"केबल केबल असते. सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे. तू जरा मध्ये बोलू नकोस."

अण्णासाहेब खुर्चीतून म्हणाले, "ती ओरिजिनल आहे सूनबाई. एवढ्या तेवढ्यासाठी ती काढायची नसते. चाललं तर याच्यावरच चालवा."

लतिका गप्प बसली. मित्रांनो, मला त्या दोघांचा राग आलाच, पण तिच्या त्या गप्प बसण्याचा सगळ्यात जास्त आला. अगं, तुझं बरोबर आहे! पण मला तोंड कुठे होतं? मी आपला चिनीत लुकलुकत राहिलो.

अकरा वाजले. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर तिनं अर्ध्यात चित्र आणि अर्ध्यात ओळी कोंबल्या. ओळी इतक्या बारीक झाल्या, की तिला नाक पडद्याला लावून वाचावं लागलं. चुका दिसेपर्यंत चित्र पुढे गेलेलं असे. स्टुडिओच्या कौशल्या मॅडम शेवटी म्हणाल्या, "ठीक है लतिकाजी, हम बताएँगे." ते सांगणं कसलं असतं, हे तिलाही कळलं आणि मलाही.

"जाऊ दे ना," राजीव म्हणाला. "तुला कुठे गरज होती?" आणि तो जेवायला काय आहे ते बघायला स्वयंपाकघरात गेला.

तेव्हा ती उठली. अण्णासाहेबांच्या खोलीत गेली, कपाट उघडलं, चादरी बाजूला केल्या आणि केबल घेऊन आली. कुणाला विचारलं नाही. केबल माझ्यात बसली आणि मी भक्कन उजळलो. आधी तेच चित्र दोन्हीकडे दिसलं. तिनं सेटिंगमध्ये शोधून पडदे वेगळे केले. माउसचा बाण उजवीकडे नेला की हरवत होता, कारण लॅपटॉप मला डावीकडे समजत होता. तेही तिनं निस्तरलं. माझी चिनीसुद्धा तिनं उतरवली. एवढंच होतं सगळं, मित्रांनो! एवढ्यासाठी सकाळभर अक्कल पाजळली दोघांनी.

अण्णासाहेब दारात येऊन म्हणाले, "बघ, म्हणून मी जपून ठेवली होती."

मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत.

लतिकानं फोन लावला. "कौशल्या मॅडम, सकाळी माझा दुसरा पडदा बंद होता. चूक माझी, मी वेळेवर हट्ट धरला नाही. आता चालू आहे. मुझे एक बार और देख लीजिए." तिनं फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडून उत्तर आलं, "ठीक है, चार बजे."

चारच्या आधी राजीव आला. "अरे वा, चालू झाला! दे जरा, माझा क्लायंटचा कॉल आहे. तुझी काय, टेस्टच आहे ना."

"हात लावू नकोस," लतिका म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

नोकरी मिळाली. राजीव अजून सोसायटीत सांगतो, की मॉनिटर त्यानंच बसवून दिला. कामावर रुजू व्हायच्या सकाळी अण्णासाहेब तिला म्हणाले, "कशाला ही दगदग, सूनबाई? तुला इथं काय कमी आहे? आम्ही तुला इतकं जपतो."

लतिका चपला घालत होती. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही केबलही जपलीच होती." आणि मला पिशवीत घालून मेट्रोकडे निघाली.

त्यानंतर मी तिच्याबरोबर खूप काम केलं. पडलो, तापलो, ओरखडे पडले, शेवटी ही रेघ आली. माझी तक्रार नाही. मित्रांनो, वस्तूंवरची धूळ पुसा, वायर ओढू नका, बटणं वाचून दाबा. पण जपायचं म्हणून कुणाला कपाटात घालू नका, वस्तूला नाही आणि माणसाला तर नाहीच.