नद्या तुंबल्यात!

सुईसम्राटांच्या दवाखान्यात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. जुनाट थकवा तीन सुयांत पळवतात म्हटल्यावर माणसं तीन जिने चढून, धापा टाकत, थकवा घालवायला येत होती.

माझी भाची शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे शिकवायची. एका तापानंतर तिला असा थकवा जडला की केस विंचरले तरी दुपारपर्यंत पडून राहावं लागे. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं आणि झेपेल तेवढंच करायला सांगितलं. तिच्या सासूबाईंनीही नाव दिलं : आळस. इथे आणलं त्यांनीच.

"आज बरी झाली की उद्यापासून शाळा. ऐकताय ना, मामा?" त्यांनी मला जिन्यातच बजावलं. पोरगी पांढरी पडली. एक दिवस वर्गात उभी राहिली की महिनाभर अंथरूण, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ताई, हात समोर ताठ धरा," सम्राट म्हणाले आणि तिच्या मनगटावर दाब दिला. हात लुळा होऊन खाली. गर्दी हळहळली.

"ऊर्जेच्या नद्या तुंबल्यात!" सम्राटांनी जाहीर केलं.

आमच्या गल्लीतल्या गटाराचंही हेच निदान झालं होतं. तिथे मात्र सुया चालल्या नाहीत.

सुया टोचल्या, थंडगार खोलीत तासभर निजवलं, सुया काढल्या. पुन्हा हात समोर. सम्राटांनी दातओठ खाऊन दाबला. हात हलेना! टाळ्या कडाडल्या.

"बघितलंत? ताकद होतीच अंगात," सासूबाई म्हणाल्या. "सोंगं नुसती!"

"आई," भाची हळू आवाजात म्हणाली, "आधी त्यांनी कुठे दाबलं?"

"मनगटाला."

"आणि आत्ता?"

सासूबाईंनी आठवून स्वतःच्या दंडाला बोट लावलं. "कोपराच्या... वर."

"दार कडीपाशी एका बोटाने लोटता येतं. बिजागरीपाशी लोटून बघा. हाताची बिजागरी खांद्यात."

"ऊर्जेला बिजागऱ्या नसतात, ताई!" सम्राट हसले.

"मग तुम्हीच हात समोर धरा ना. तुमच्या नद्या तर दुथडी भरून वाहत असतील."

एवढ्या गर्दीत नाही कसं म्हणणार? सम्राटांनी हात ताठ धरला. सासूबाईंनी मनगट दाबलं. हात खाली.

"अगं बाई, यांचंही तुंबलंय की!"

मग सासूबाईंनी कोपराच्या वर दाबलं. हात जागचा हलेना. "आणि मी तर सुईसुद्धा टोचली नाही!" गर्दीत खसखस पिकली. सम्राटांना आतल्या खोलीतलं काहीतरी तातडीचं काम आठवलं.

भाची भिंतीला टेकून खाली बसली. चार वाक्यांनीच तिचे ओठ सुकले होते. सासूबाई तिच्याशेजारी टेकल्या आणि पदराने तिला वारा घालू लागल्या.

"मामा, गाडी अगदी दाराशी आणा," त्या म्हणाल्या. "शाळेचं बघू डॉक्टर म्हणतील तेव्हा."

मंडळी, गार खोलीत तासभर पडलं की बरं कुणालाही वाटतं. पण औषध देणाऱ्यालाच परीक्षकाच्या खुर्चीत बसवलंत, तर सगळेच रोगी पहिल्या वर्गात पास होतात. गुण आला की नाही, हे त्याच्या हातात नसलेल्या कसोटीवर तपासा. आणि घरातलं माणूस "दमलोय" म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.