बाईंच्या पाठीमागे

मीनाक्षीबाईंची चारचौघांत फजिती करायची, हे मी शाळेच्या संमेलनाच्या आठ दिवस आधीच ठरवून टाकलं होतं. रागाच्या भरात केलं, असं कुणी म्हणू नये.

दादरला त्यांच्या शिशुवर्गात मी कामाला होते. मुलांची नाकं पुसायची, शू झाली की चड्डी बदलायची. सकाळी तासभर गाण्याचा वर्ग असे. बाई जमिनीवर पेटी घेऊन बसत आणि समोर तीन-चार वर्षांची वीस मुलं उभी. तालावर हातपाय हलले की मूल लवकर बोलतं, त्याची बुद्धी खुलते, असं बाई पालकांना समजावत. ते खरंही होतं. हेरंब साडेतीन वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. टाळ्या वाजवता वाजवता एक दिवस 'बेडूक' म्हणाला. त्याच्या आईने बाईंना साडीचोळी दिली.

पण बाईंचे दोन्ही हात पेटीवर. मुलांना उड्या कोण दाखवणार? मी दाखवायचे, बाईंच्या पाठीमागे दारात उभी राहून. घोड्याच्या टापा, बेडकाच्या उड्या, आगगाडीची चाकं, सगळं माझं. मुलं बाईंच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत. बाईंना कधी मागे वळून बघावंसं वाटलं नाही. मुलं आपल्या गाण्यावर नाचतात, अशीच त्यांची समजूत.

तेही मी गोड मानून घेतलं असतं. पण माझी चंपा चार वर्षांची झाली, तेव्हा मी विचारलं, "बाई, चंपाला पण रांगेत उभी करू का? तिला सगळं येतं."

"माझं काही नाही गं, कांता," बाई म्हणाल्या. "पण पालक काय म्हणतील? तुमच्यातली मुलगी... बसू दे तिला दाराबाहेर. ऐकू येतंच की."

आम्ही बौद्ध होऊन वर्ष झालं होतं. बाईंच्या लेखी आम्ही होतो तिथेच होतो. आणि याच बाई संध्याकाळी समितीच्या सभेत पुढे बसून संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत, सगळे मराठी एक म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मात्र 'बरं' म्हटलं.

संमेलनाला हॉल भरला होता. मुलं स्टेजवर, बाई खाली पेटी घेऊन त्यांच्याकडे तोंड करून बसलेल्या. मी त्यांच्या मागेच, कडेच्या भिंतीशी, चंपाला पुढ्यात घेऊन. बाईंनी सूर धरला आणि मी हाताची घडी घातली.

मुलं माझ्याकडे बघत राहिली. एकाचाही पाय हलला नाही. बाईंनी पुन्हा सुरुवात केली, जरा मोठ्याने. पालकांत कुजबुज झाली. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चिरकला. मुलं कुठे बघताहेत हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या वळल्या. मी नजर खाली घातली नाही. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"दाखव ना गं त्यांना," बाई हळूच म्हणाल्या.

"पालक काय म्हणतील, बाई?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात स्टेजवर हेरंबने ओठ काढला. त्याची चड्डी ओली झाली होती. "मावशी, बेडूक," तो रडत म्हणाला.

चंपाला राहवेना. तिने दोन्ही हात वर करून बेडूक केला. हेरंबने तिच्याकडे बघून रडता रडता एक पाय उचलला. अजून दोन उड्या, आणि सगळी रांग नाचायला लागली असती, बाईंची अब्रू वाचली असती. मी चंपाची मनगटं पकडली आणि खाली दाबली.

"सोड ना आये, मला नाचू दे," ती म्हणाली.

मी सोडली नाहीत. पडदा पडेपर्यंत घट्ट धरून ठेवली.

बाईंची जिरवली याचं मला आजही काही वाटत नाही. पण बाईंनी चंपाला नुसतं दाराबाहेर बसवलं होतं. तिचे हात धरले ते मी.