झाकणभर चहा

मी एक जुना थर्मास आहे. तळाशी खरवडलेला, झाकणाला पोचा पडलेला. सध्या अमेरिकेत, रेडमंडमधल्या एका ओट्याच्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. पण मित्रांनो, मला अडगळ समजू नका. नागपूरच्या भानुदासकाकांच्या हाती मी बावीस वर्षं काढली आहेत. सकाळी भरलेला आल्याचा चहा दुपारी जीभ भाजायचा. "याच्यासारखा दुसरा नाही," असं काका ज्याला त्याला सांगत आणि मी फुशारून जाई.

गेल्या वर्षी काका रेडमंडला लेकीकडे, उपासनाकडे आले. तिथून ती त्यांना ऑस्ट्रेलिया दाखवायला घेऊन गेली. मीही पिशवीत होतोच. समुद्रापासून खूप आत, डोंगरांपलीकडे द्राक्षमळ्यांचं एक गाव होतं. वेलींची पानं पिवळी पडू लागली होती. तिथल्या एका दालनात लोक वाइन चाखायला जमले होते.

काका पंचशील पाळणारे. ते वाइनला शिवणार नव्हते. त्यांनी मला टेबलावर ठेवून झाकण काढलं. आल्याचा वास पसरला आणि माणसं वळून पाहू लागली.

"बाबा, प्लीज! इथे थर्मास नको ना. किती ऑकवर्ड वाटतं!"

उपासना मला घाईने पिशवीत कोंबू लागली. मी फरशीवर आपटलो. पोचा तेव्हाचाच.

काका खाली वाकले. मला उचलून बाहेरच्या बाकावर बसले. मळ्यातला एक म्हातारा कामगार शेजारी येऊन टेकला, तेव्हा त्यांनी झाकणभर चहा पुढे केला. त्याने तो चवीने प्यायला आणि काकांना हाताला धरून वेली दाखवायला नेलं. उपासनाने काचेतून ते पाहिलं, पण ती बाहेर आली नाही.

भारतात परतायच्या दिवशी काकांनी मला स्वच्छ धुतलं, ओट्यावर उघडं ठेवलं आणि गेले.

"बाबा, थर्मास राहिला की तुमचा!" उपासनाने फोन केला.

"राहिला नाही बाळा, ठेवला. आता कुठे न्यायची हिंमत होत नाही."

ती बराच वेळ रडली. हल्ली ती मला रोज ऑफिसला नेते, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवते. काकांना पुन्हा बोलावते. ते म्हणतात, "पाहू." माझं रबर झिजलंय, चहा जेमतेम दोन तास गरम राहतो. तरी मी वाट पाहतो.

मित्रांनो, मला धुऊन उघडं ठेवत जा. घट्ट बंद केलं की आत कुबट वास धरतो. आणि घरातल्या मोठ्या माणसाने चहा पुढे केला, तर आधी आजूबाजूला पाहू नका. झाकण हातात घ्या.