अंगठ्याएवढी जागा

समजा, तुमच्या घरामागे नदी आहे आणि ती थिजून दगड झाली आहे. तिच्यावरून घोडे जातात, शाळेतली मुलं घसरत जातात. श्वास सोडला की मफलरवर पांढरे काटे उभे राहतात. आता समजा, ती नदी ओलांडून तुम्हाला चालत पलीकडच्या गावी जायचं आहे. पायांत काय घालाल? शहरातले चामड्याचे, झकपक बूट? मग पायाच्या बोटांची आशा सोडा.

आमच्या यानाविल गावात असे पाय सांभाळायचं काम फतखुल्ला बाबायचं घर करायचं. बाबाय म्हणजे आजोबा, पण त्यांना सगळं गावच बाबाय म्हणे. मेंढीची लोकर पिंजायची, तिचे थर लावायचे, मग वाफेच्या न्हाणीघरात उकळतं पाणी ओतत ती मळायची, बडवायची. लोकरीचा घट्ट नमदा होतो. त्याचेच गुडघ्यापर्यंतचे बूट. त्यांना शिवण नाही, डावा-उजवाही नाही. ओला बूट पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर चढवायचा आणि फर्म्यासकट वाळवायचा. पुरता वाळायच्या आत फर्मा काढला, तर ओली लोकर आखडून बसते.

बाबायकडे बूट निवडायला गेलात तर रंग कोणता हवा, हे शेवटी. आधी घरून जाड मोजे आणलेत का ते विचारायचे. मग बूट घालून पाय पुढे सरकवायला लावायचे आणि टाचेमागे आपला अंगठा घालून बघायचे. अंगठा शिरला तर ठीक. मग म्हणायचे, "जा, फाटकापर्यंत चालून ये." घट्ट बुटात ऊब राहायला जागा नसते आणि पाय गारठतो. "नमदा रुंदीला सैल होतो," ते प्रत्येकाला ऐकवायचे, "लांबीला कधी नाही."

त्यांची नात तंझिला दहा वर्षांची होती आणि हे सगळं तिला पाठ होतं.

तंझिलाचा आवडता खेळ शाळेचा. तिच्या वर्गात मुलं म्हणजे फर्मे. छोटे पुढे, मोठे मागे. पण वर्गाला एक दांडगट मुलगा हवाच, नाहीतर ओरडायचं कुणाला? सगळ्यांत मोठे दोन फर्मे त्या दिवशी चुलीशेजारी मागिनूर आपांच्या नव्या बुटांत होते. मागिनूर आपा म्हणजे गावची टपालवाली. उंच, हसऱ्या, आणि पाय एवढे मोठे की पोरं म्हणत, आपा बर्फावर चालत नाहीत, होडी वल्हवतात.

तंझिलाने बुटाला हात लावून पाहिला. वरून कोरडा लागला. आत हात घालून बघितलं नाही. तिने फर्मे उपसून काढले, दांडग्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि दुपारभर त्यांना पाढे न आल्याबद्दल झाडलं.

संध्याकाळी फर्मे परत घालायला गेली, तर ते आत जाईनात. तिने जोर लावला, गुडघा टेकून दाबलं. शेवटी फर्मे मुकाट फळीवर इतर फर्म्यांत ठेवून दिले आणि बूट होते तिथे उभे केले. दिसायला ते छान दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागिनूर आपा आल्या. बाबाय आणि वडील न्हाणीघरात होते. लोकर अर्धी मळलेली सोडता येत नाही. बाबायनी तिथूनच ओरडून सांगितलं, "तंझिला, तू बघ गं! नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे, बाबाय!"

आपांनी जाड मोजे चढवले आणि पाय बुटात घातला. जाईना. पाय आपटला तेव्हा कसाबसा गेला.

"अगं, तुझ्या बाबायनी लोकर वाचवली की काय? बोटं दुमडताहेत."

तंझिलाचे कान तापले. खरं सांगावं तर फर्म्यांचं सांगावं लागणार. ती म्हणाली, "नवे आहेत ना, आपा. नमदा सैल होतो."

कुठून सैल होतो, ते ती बोलली नाही.

"होतो ना? मग झालं. तुम्ही लोक जाणता, आम्ही काय!" आपांनी जाड मोजे काढून बाकावर टाकले आणि पातळ मोज्यांवर बूट चढवले. जुने, टाचेला भोक पडलेले बूट डागडुजीला ठेवले. जाताना त्यांनी खिशातून मधाच्या मिठाईचा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. "भाचीच्या लग्नातला आहे. खा, मास्तरीणबाई!" आणि टपालाची पिशवी खांद्याला लावून त्या निघाल्या, आधी गावातल्या घरांत आणि मग नदीपलीकडच्या गावी.

तंझिलाने मिठाई खिडकीत ठेवली. खावीशी वाटेना. बाकावरचे मोजे अजून आपांच्या पायांच्या आकाराचे फुगलेले होते. ती त्यांच्यावर बसली.

दुपारी जेवायला सगळे आले. कोंबडीच्या रश्शातल्या शेवया होत्या.

"मागिनूर बूट घेऊन गेली?" बाबायनी विचारलं.

"हो."

"अंगठा शिरला?"

"हो."

"जाड मोज्यांवर?"

"हो," तंझिला म्हणाली. मोजे तिच्या खालीच होते.

बाबाय खुशीत आले. "बघा! आता दुकान हिच्या हाती द्या आणि मला झोपू द्या." मग चमचा फुंकत म्हणाले, "तिचे बूट मी मुद्दाम ऐसपैस केले. लग्नाआधी एकदा शहरी बूट घालून नाचायला गेली होती पलीकडे. दोन बोटं तिथेच ठेवून आली. एकदा गारठलेल्या पायात थंडी पुन्हा लगेच शिरते."

"वारंही सुटलंय," आई खिडकीतून बघत म्हणाली.

तंझिलाने वाडगा दूर सारला. तिला नदी दिसली, आणि नदीवर पातळ मोज्यांत दुमडलेली आठ बोटं. कौतुकाचे ते शब्द तिला परत करावेसे वाटत होते, पण ते परत कसे करायचे?

ती उठली. खालचे मोजे घेतले आणि बाबायच्या वाडग्याशेजारी ठेवले.

"हे मागिनूर आपांचे आहेत."

बाबायनी मोज्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चमचा खाली ठेवला.

"फर्मा कधी काढलास?"

"काल दुपारी. शाळा शाळा खेळायला."

  वडील उठून घोडा जोडायला गेले. बाबायनी टोपी चढवली. "तिचे जुने बूट चुलीजवळ आहेत. कोटाच्या आत पोटाशी धर. ऊब जाऊ द्यायची नाही. चल."

बर्फावरच्या वाटेवर चुकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी देवदाराच्या फांद्या रोवलेल्या असतात. त्या फांद्यांमधून घसरगाडी धावत होती. लगाम बाबायच्या हातात होता. तंझिलाने मोजे बुटांत कोंबले होते आणि बूट पोटाशी घट्ट धरले होते.

नदीच्या मध्यावर मागिनूर आपा टपालाच्या पिशवीवर बसल्या होत्या आणि बुटावर बूट आपटत होत्या.

"या, या!" त्या ओरडल्या. आवाज हसरा होता, ओठ हसत नव्हते. "बाबाय, तुमच्या बुटांत बोटं आधी भांडत होती. आता सगळी झोपलीत."

बाबायचा चेहरा उतरला. ते काही करायच्या आत तंझिला खाली उतरून बर्फात गुडघ्यांवर बसली होती. तिने बूट ओढला. निघेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा ती बुटासकट मागे पडली. मग दुसरा बूट आणि पातळ मोजेही काढले. बोटं मेणासारखी पांढरी होती. तिने कोटाची बटणं सोडली, सदरा वर केला आणि दोन्ही पावलं आपल्या पोटावर घेतली. पावलं बर्फासारखी गार होती.

"आपा, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "नमदा रुंदीला सैल होतो. लांबीला होत नाही. मला माहीत होतं. फर्मे मी काढले होते, वर्गात बसवायला."

 बाबाय वाऱ्याकडे पाठ करून, दोघींना आडोसा देऊन उभे होते.

"मग मास्तरीणबाई," आपा म्हणाल्या, "तुझ्या वर्गात तुला कुठे बसवशील?"

"मागच्या बाकावर."

"हं. आणि— आई गं! टोचतंय! सुया टोचल्यागत!"

"टोचू दे," बाबाय म्हणाले आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांनी खोल श्वास घेतला. "टोचतंय म्हणजे जागी झाली."

तंझिलाने जाड मोजे चढवले. टाचेच्या भोकात आपला मफलर कोंबून जुना बूट घातला, पाय पुढे सरकवायला सांगितलं, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि टाचेमागे अंगठा घातला. शिरला. तिने तो काढला, आणि खात्रीसाठी पुन्हा घालून पाहिला.

मग म्हणाली, "दुसरा पाय द्या, आपा."