मंगळाचा रोव्हर, मुक्काम बाळकुम

मित्रांनो, मी एक जुना रोव्हर आहे. मला मंगळासाठी बनवले. मी मंगळावर जाणार नाही, हे मला बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. दुसऱ्या ग्रहावर टिकेल असे यंत्र हौशी मंडळींनी स्वतः तयार करायचे, अशी एक स्पर्धा होती. तिच्यासाठी माझा जन्म झाला. आता मी ठाण्यात, बाळकुमच्या एका सोसायटीत, गणेश मंडळाच्या सामानाच्या खोलीत रॅकवर असतो. माझ्या वरच्या खणात दिव्यांच्या माळा आहेत आणि खालच्या खणात सतरंज्या.

मला दोघांनी बनवले. दर्शना याच सोसायटीत राहते. ती तेव्हा भौतिकशास्त्र शिकत होती. आर्यन तिच्या कॉलेजातला, तो शहाडहून यायचा. माझा सांगाडा नळाच्या पाइपांचा आहे. सहा चाके पाइपांच्या टोपणांची आहेत आणि त्यांच्यावर सायकलच्या टायरचे तुकडे चिकटवले आहेत. मंगळावरची धूळ पिठाहून बारीक असते, म्हणून दर्शनाने प्रत्येक चाकाच्या आसाला जाड लोकरी कापडाची चकती बसवली. बॅटरी थर्माकोलच्या पेटीत ठेवली. शेजारी एक फ्यूज लावला. फ्यूज म्हणजे तारेचा अगदी बारीक तुकडा. एखादे चाक अडकले की मोटर जास्त वीज ओढू लागते. त्या विजेने ही तार आधी वितळते, सगळे बंद पडते आणि बॅटरी वाचते.

स्पर्धा जिंकणाऱ्यांना एका प्रयोगशाळेत वर्षभर काम मिळणार होते. दर्शनाच्या घरी तसे ठरलेच होते. जिंकली तर प्रयोगशाळा, नाहीतर बँकेच्या परीक्षेचा क्लास. तिच्या आईने क्लासची चौकशीही करून ठेवली होती. दोन वर्षे सुट्टीचा प्रत्येक दिवस दर्शना माझ्यापाशी होती. कधीकधी हातात पाना तसाच धरून ती भिंतीला टेकून झोपायची.

ही खोली गोविंदाकाकांनी दिली होती. जिथे आज या इमारती आहेत, तिथे पूर्वी त्यांच्या घरची भातशेती होती. आता ते मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांनी खोलीच्या बदल्यात कधी काही मागितले नव्हते. म्हणून गणपतीच्या तोंडावर त्यांनी एक गोष्ट मागितली, तेव्हा नाही म्हणणे कोणाला जमले नाही.

"दर्शना, यंदा आपला देखावा मंगळाचा," काका म्हणाले. "तुझी गाडी फिरव बाप्पासमोर."

"काका, ऑक्टोबरमध्ये त्याची टेस्ट आहे. आता दमवला तर..."

"अगो, मशीन कुठं दमते का? आणि बाप्पाच्या कामात काय बिघडणार हाय?"

"काका, बाप्पा गॅरंटी कार्डावर सही देतील ना?" आर्यनने विचारले.

"तू गप रे शहाडवाल्या!" काका हसत म्हणाले, आणि विषय संपला.

थर्माकोलचा डोंगर केला, त्याला गेरू फासला. पेढ्यांचे ताट पाठीवर घेऊन मी तो डोंगर चढायचो आणि रांगेतल्या मुलांपुढे जाऊन थांबायचो. मुले टाळ्या वाजवायची. कोणी माझ्या सौरपट्टीवर फूल ठेवायचे, कोणी कुंकू लावायचे. सकाळच्या आरतीपासून मंडप बंद होईपर्यंत मी चढत आणि उतरत राहिलो. मला इतके कौतुक पूर्वी मिळाले नव्हते आणि नंतरही मिळाले नाही.

गौरी आल्या त्या दिवशी गर्दी फार होती. कोणीतरी ताटात दोन नारळही ठेवले. मी अर्ध्या चढावर आलो आणि फ्यूज उडाला.

"बंद पडली रे गाडी!" काका ओरडले. "लाइन पार गेटच्या भायेर गेलीय, आर्यन!"

"दोन मिनिटं, काका!"

दर्शना तेव्हा घरी गौरीच्या पाहुण्यांना वाढत होती. आर्यनच्या खिशात नवा फ्यूज नव्हता. त्याने दिव्यांच्या माळेतल्या वायरचा तुकडा सोलला, तांब्याच्या पाच-सहा तारा एकत्र पिळल्या आणि फ्यूजच्या जागी बसवल्या. घरोघरी असेच करतात. "विसर्जन झालं की बदलतो," तो स्वतःशीच म्हणाला.

त्यानंतर मी एकदाही थांबलो नाही. काकांनी आर्यनच्या पाठीवर थाप मारली. विसर्जनाच्या दिवशी मला मिरवणुकीत पुढे चालवले. मंगळाच्या धुळीसाठी केलेली सगळी तयारी गुलालावर खर्च झाली. नंतर दर्शनाने ब्रशने माझ्या दातेरी चाकांतला गुलाल दाण्यादाण्याने काढला. फ्यूजच्या डबीचे झाकण मात्र तिने उघडले नाही. आत काय बदलले आहे, हे तिला माहीत नव्हते. ज्याला माहीत होते, तो विसरून गेला होता.

ऑक्टोबरमध्ये स्पर्धेची परीक्षा खडवलीजवळच्या मुरमाच्या एका जुन्या खाणीत होती. फक्कीची रेघ आखून रोव्हर आत सोडायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रोव्हर चालू राहिला पाहिजे. कोणी रेघ ओलांडली की संघ बाद. शिवाय आपला निरोप मंगळावर पोहोचायला वेळ लागतो, म्हणून इथेही प्रत्येक आज्ञा दहा मिनिटे अडवून मग सोडायचे.

पहिला दिवस आणि रात्र ठीक गेली. दुसऱ्या दुपारपर्यंत बाकीचे सगळे रोव्हर उलटले होते किंवा बंद पडले होते. मी एकटा चालत होतो. चालत होतो म्हणायचे, एवढेच. देखाव्याचा डोंगर चढून माझ्या दातेरी चाकांचे दात झिजले होते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात मुरूम तव्यासारखा तापला होता. उतारावर एक खडा माझ्या मागच्या चाकात अडकला. चाक थांबले. मोटर ओढत राहिली. फ्यूज उडायला हवा होता. तो उडाला नाही.

पडद्यावर बॅटरीचे तापमान चढताना दर्शनाला दिसले.

"फ्यूज का नाही गेला?" तिने विचारले.

आर्यनचा चेहरा उतरला. "दर्शना... गणपतीत मी जाड तार टाकलेली. बदलायची राहिली."

तिने 'थांब' अशी आज्ञा पाठवली. ती माझ्यापर्यंत दहा मिनिटांनी पोहोचणार होती. बॅटरी फुगून पेटायला तेवढा वेळ लागत नाही.

"जाऊ नकोस," आर्यन म्हणाला. "खडा निघेल कदाचित. थोडंच राहिलंय. मोटरच आधी जळेल, बॅटरीला काही होणार नाही. तुझं वर्ष आहे हे."

"आणि पेटला तर?"

"पेटला तर पेटला! मंगळावर असता तर कोण गेलं असतं?"

"मंगळावर नाहीये तो," दर्शना म्हणाली.

तिने ओढणी हाताला गुंडाळली, रेघ ओलांडली आणि चालत माझ्यापाशी आली. ती धावली नाही. तिने झाकण उघडून बॅटरीची जोडणी ओढून काढली. मी बंद पडलो. परीक्षक हळू आवाजात म्हणाले, "सॉरी बाळा, तुमचा संघ बाद." दर्शनाने मान हलवली आणि माझी बॅटरी सावलीत नेऊन ठेवली.

आता ती बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाते. आर्यनने नवा, बारीक तारेचा फ्यूज आणून बसवला. तो अजूनही येतो, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही. पुढच्या देखाव्यासाठी काकांनी मला मागितले नाही.

परवा संध्याकाळी दर्शना क्लासहून थेट या खोलीत आली. दिवा न लावता माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. पायांतल्या चपलासुद्धा तिने काढल्या नाहीत. बाहेरून काकांनी हाक मारली, "काय गो, आभ्यास जोरात ना? पास होनारच तू!" ती म्हणाली, "हो काका." मग तिने माझ्या रॅकला डोके टेकवले आणि डोळे मिटले.

मित्रांनो, यंत्र नीट चालत असते, तेव्हा त्याला कोणी काही विचारत नाही. माणसांचेही तसेच असते, हे मी या रॅकवरून पाहिले आहे. त्या संध्याकाळी दर्शनाला एक प्रश्न विचारायला हवा होता. मी तो विचारू शकत नाही. तुम्हाला बोलता येते. तुमच्या घरी जे कोणी न थांबता चालले आहे, त्याच्याजवळ आज जाऊन बसा आणि तोच प्रश्न विचारा, "दमलीस का गं?"