उष्टा खुराक

ये, बस. धुतलेल्या बाटल्या वाळेस्तोवर तुला गुनवोरची गोष्ट सांगतो. कॉफी ओतून घे, पण मधेच उठायचं नाही.

वरच्या मजल्यावर कडेची प्रयोगशाळा आहे ना, ती गुनवोरची. तिचा नवरा बिर्गर गेला आणि तिनं दहाच्या कॉफीला खाली यायचं सोडलं. आम्ही ह्या उमिओ गावची माणसं कशी, ठाऊकच आहे तुला. कुणाला दुःख झालं की त्याचं दार हळूच लावून घेतो. उगा त्रास नको म्हणून. तिलाही कुणी हाक मारली नाही. हिवाळा तसाच गेला.

तिच्याकडं एका आजारी पोरीच्या कातडीतल्या पेशी होत्या. पोर वारली. म्हणजे आता दुसरा तुकडा मिळायचा नाही, आणि ह्या मेल्या तर तिला काय झालं होतं ते कधीच कळायचं नाही. होत्या तरी किती? बशीत एक इथं, तर एक पार तिकडं. गुनवोर त्यांना ताजा खुराक घाली, तरी रोज कमीच होत.

मी रिकाम्या बशा न्यायला गेलो तर म्हणाली, "यांना कुणी मारत नाही रे, सिक्स्टेन. शेजारणींचा निरोप यावा लागतो, जग म्हणून, वाढ म्हणून. दाटी झाली की आता बास, असाही येतो. काहीच आलं नाही, की पेशी आपणच आवरतं घेते. नीट, घडी घालून."

"मग गं?"

"दाटीतल्या पेशींचा वापरलेला खुराक पाहिजे. त्यात त्यांचे निरोप उरलेले असतात."

खालच्या मजल्यावर टॉर्केल दाटीनं पेशी वाढवतो, त्याच्या खोलीत तसला खुराक रोज मोरीत ओतत होते. मधे फक्त एक जिना. तिला तो उतरवेना.

शेवटी एकदा कॉफीच्या वेळी खाली आली. सगळे दालचिनीचे पाव खात बसलेले, ही दारात उभी. आवाज बसलेला. "टॉर्केल, तुझ्या पेशींचा उष्टा खुराक मला देशील?"

"उष्टा? अगं बाई, कपाटभर नवा पडलाय, तो ने की!"

हशा झाला. ती हसली नाही. बशीची गत सांगितली तिनं. टॉर्केल हातातला पाव टाकून उठला आणि बाटली भरून घेऊन आला.

"बस ना जरा," तो म्हणाला.

"त्या खोळंबल्यात," म्हणाली, आणि वर गेली.

गाळून घातला तिनं तो. तरी बऱ्याच गेल्या. कडेला एक टिकली, आणि शुक्रवारी तिच्या दोन झाल्या. मला बोलावून भिंगातून दाखवलं. मला दिसले दोन ठिपके. तिनं मात्र किती वेळ डोळा काढला नाही.

बशी अजून विरळच आहे, म्हणून बाटली रोज लागते. कॉफीला ती काही परत आली नाही. मी बाटली दाराशी ठेवतो, टकटक करतो, निघतो. जन्माची सवय, आता सुटायची नाही.

सोमवारपासून हे काम तुझं. एवढं ऐक माझं: बाटली दाराशी ठेवू नकोस. ती दार उघडेस्तोवर थांब, हातात दे, आणि काही बोलायला लागली तर घाई आहे म्हणू नकोस.