रोटाचा भाऊबंद

तहसील कचेरीच्या निराधार शाखेत मी आहे. कोण निराधार आणि कोण नाही हे ठरवायला सरकारने माझ्यासारखा माणूस नेमला, यावरून सरकारच किती निराधार आहे ते कळावं.

श्रावणात शिरपूरकडच्या एका गावी बेबाबाईच्या चौकशीला गेलो. म्हातारी विधवा, मूलबाळ नाही. तिला सांभाळणारं कुणी नाही असं मी लिहून दिलं, की दरमहा सरकारी मदत सुरू होणार होती. माठ रिकामा म्हणून ती माझ्यासाठी हापशावर पाणी आणायला गेली.

चुलीजवळ एक ताट झाकलेलं होतं. चौकशीचा भाग म्हणून झाकण काढलं. पुरणपोळ्या! निराधाराच्या घरी पुरण? मला संशय आला. खात्री करायला तुकडा मोडला. खात्री काही लवकर होईना. दुसरी पोळी अर्ध्यावर आली तेव्हा बेबाबाई दारात उभी होती.

"भाऊ, हाऊ कानबाईना रोट शे," ती म्हणाली.

घास तोंडातच राहिला. मी धुळ्याचाच. कानबाईदेवीच्या नैवेद्याचा रोट घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू मोजून करतात, तो फक्त भाऊबंदकीत खातात, परक्याला घासभरही देत नाहीत, हे आईने लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. पण पुरण दिसलं की माझी अक्कल गहाण पडते.

"अक्का, चुकलं माझं."

"आते काय चुकनं? तू रोट खादा, तू मन्हा भाऊबंद. मन्हा मालकना नावना गहू मोजस अजून, पन खानारं कोनी नही. कितला साल व्हई गयात, एकलीच खास."

तिने डोळे पुसले आणि आणखी एक पोळी वाढली. मला भरून आलं, तरी पोळी खाल्लीच. मग कागद काढून विचारलं, "सांभाळणारं कुणी आहे?"

"शे ना. तू शे."

"अक्का, असं सांगितलं तर मदत मिळणार नाही."

"रोट समोर शे. खोटं कसं बोलू?"

सरकारी माणूस हात जोडून विनवत होता, की बाई, मला परकं म्हणा. ती बधेना. शेवटी मीच 'कोणी नाही' असं लिहून सही ठोकली. नोकरीतला माझा हा पहिला खोटा अहवाल. आजवरचे बाकीचे नुसते चुकीचे होते.

"मन्हा भाऊबंद म्हनीसन तुन्हं नाव लिखं ना?" तिने विचारलं.

"लिहिलं," मी म्हणालो. तो दुसरा खोटेपणा.

"मंग पुढला साल ये. तुन्हा नावना गहू मोजसू."

मदत मंजूर झाली. यंदा कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी भीतभीतच गेलो. पाटावर गव्हाच्या दोन राशी होत्या. एक तिच्या नवऱ्याच्या नावाची. दुसरी, सरकारदप्तरी जो तिचा कोणीच नाही त्याची. ती जरा मोठी होती, कारण मी किती खातो ते बेबाबाईने पाहिलं होतं.